बम्फिट म्हणजे पंधरा

आडवाट

मंडळी, गेल्या महिन्यात केझिकच्या बाजारातून भांडी पुसायचा एक पंचा आणला. केझिक म्हणजे इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत. आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. पंच्यावर वीस मेंढ्या आणि प्रत्येक मेंढीखाली एक शब्द:

यान, ट्यान, टेदरा, मेदरा, पिम्प, सेदरा, लेदरा, होवरा, डोवरा, डिक,
यान-अ-डिक, ट्यान-अ-डिक, टेदरा-डिक, मेदरा-डिक, बम्फिट,
यान-अ-बम्फिट, ट्यान-अ-बम्फिट, टेदरा-बम्फिट, मेदरा-बम्फिट, गिगट.

आमचे चिरंजीव वय वर्षे चौदा. पाच, दहा आणि पंधरा वाचून ते जमिनीवर लोळायचे बाकी राहिले होते. ज्यांना इंग्रजी शिव्या येतात त्यांना कारण कळेल, बाकीच्यांनी विचारू नये.

ही इथल्या मेंढपाळांची जुनी मोजणी. पंच्यावरची यादी बॉरोडेल खोऱ्यातली आहे, डोंगर ओलांडला की शब्द बदलतात. यॉर्कशायरच्या स्वेलडेलमध्ये चारनंतर पिप, एझर, सेझर, अ‍ॅकर, कॉन्टर आणि मग डिक. बम्फिट मात्र तिथेही बम्फिटच. मोजायची रीत अशी, की विसापर्यंत म्हणायचं, एक खडा खिशात टाकायचा किंवा काठीवर खाच पाडायची, आणि पुन्हा यानपासून सुरू. पाच खडे झाले की शंभर मेंढ्या. इंग्रजीत विसाला ‘स्कोअर’ म्हणतात तोसुद्धा मुळात जुन्या नॉर्स भाषेतला खाच या अर्थाचा शब्द. म्हणजे क्रिकेटचा स्कोअर काय आणि मेंढ्यांचा काय, सगळं काठीवर कोरलेलं. नुसतं मेंढ्यांपुरतंच नाही, विणकाम करणाऱ्या बायका सुईवरचे टाकेही असेच मोजत.

मला अडकवलं ते बम्फिटने. दहाला वेगळं नाव असणं समजू शकते. पंधराला वेगळं नाव देऊन सोळा म्हणजे ‘एक-वर-पंधरा’ असं कोण करतं? इथे भाषेतले जाणकार आहेत म्हणून धागा काढला.

कोकणी_फणस

पहिला! पंच्याचा फोटो टाका. आणि चिरंजीवांना सांगा, आमच्या काळी आम्हीही लोळलो असतो.

तिरफळ

सोळा म्हणजे एक-वर-पंधरा यात विचित्र काय? आपण एकोणीस म्हणतो तेव्हा ‘एक कमी वीस’ म्हणतो. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे एक उधार ठेवून मोजलेले. परक्या माणसाला तेही वेडेपणाचंच वाटत असणार.

वेशीपल्याड

आडवाट, मी वेल्समध्ये कार्डिफला असते. तुमची यादी मोठ्याने वाचली आणि उडालेच!

वेल्श भाषेत पाचाला ‘पिम्प’ म्हणतात. त्याचं स्पेलिंग इंग्रजीतल्या हवा भरायच्या पंपासारखं आहे, उच्चार मात्र पिम्प. दहा म्हणजे ‘डेग’. पंधरा म्हणजे ‘पम्थेग’. आता खरी गंमत. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर आधीच्या शब्दामुळे बदलतं. ‘आर’, म्हणजे ‘वर’, यानंतर प चा ब होतो. म्हणून सोळा म्हणजे ‘ईन आर बम्थेग’, एक वर पंधरा. सतरा ‘डाय आर बम्थेग’, दोन वर पंधरा. बम्थेग, बम्फिट. यान-अ-बम्फिटमधला तो ‘अ’ बहुतेक हाच झिजलेला ‘आर’.

अकराही तसाच, एक वर दहा. तुमचा यान-अ-डिक.

पण मजा बघा, माझी मुलगी इथल्या वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते आणि ती पंधराला पम्थेग म्हणतच नाही. शाळेत आता दशमान पद्धत शिकवतात: ‘ईन डेग पिम्प’, एक दहा पाच. गणिताला सोपं. पम्थेग उरला आहे तारखेत, घड्याळात आणि वय सांगताना. वेल्समध्ये जो शब्द बाजूला सरकतोय तो इंग्लंडमधल्या पंच्यावर छापून विकला जातोय.

निव्वळ_वाचक

म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमध्ये वेल्श लोक राहायचे?

शब्दखोर

वेल्श नव्हे, वेल्शच्या बहिणीची मुलं म्हणा.

इंग्रजी बोलणारे लोक ब्रिटनमध्ये येण्याआधी स्कॉटलंडच्या दक्षिण भागापासून कॉर्नवॉलपर्यंत एकाच कुळातल्या केल्टिक बोली चालत. त्यातून वेल्श, कॉर्निश आणि समुद्र ओलांडून गेलेली ब्रेटन अशा तीन भाषा निघाल्या. चौथी उत्तरेकडची कम्ब्रिक, ती बाराव्या शतकाच्या आसपास संपली. तिच्यात लिहिलेलं जवळपास काहीच हाती नाही. उरली ती गावांची आणि डोंगरांची नावं: पेनरिथ, ब्लेन्कॅथ्रा, कार्लाइलमधलं पहिलं ‘कार’ म्हणजे किल्ला. खुद्द कंब्रिया (लेक डिस्ट्रिक्ट ज्यात येतो तो भाग) हे नाव आणि वेल्स देशाचं स्वतःचं ‘कम्री’ हे नाव एकाच शब्दातून आलेत. त्याचा अर्थ ‘एका मुलखातले आपण’.

म्हणून १९व्या शतकात ही यादी विद्वानांच्या हाती लागल्यावर आनंदाला उधाण आलं. मेलेल्या भाषेचे आकडे मेंढपाळांच्या तोंडात हजार वर्षं टिकून राहिले! अलेक्झांडर एलिस यांनी १८७० च्या दशकात ठिकठिकाणच्या याद्या जमवून त्यावर मोठा निबंध लिहिला. (अवांतर: आपल्याकडचे संगीतवाले श्रुतींची चर्चा करताना ‘सेंट’ हे माप वापरतात, ते याच एलिस यांचं.)

पण मला स्वतःला ही हजार वर्षांची गोष्ट पूर्ण पटत नाही. कारणं नंतर लिहितो, आत्ता कार्यालयात आहे.

कोकणी_फणस

हे नेहमीचं. पिक्चर रंगात आला की शब्दखोर मध्यंतर करणार.

मुळामुठा

शब्दखोर येईपर्यंत माझे दोन पैसे.

धागा वाचता वाचता विटीदांडू आठवला. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू! पाय, मूठ, डोळा असं कुठेकुठे विटी ठेवून मारायची. हे शब्द काय आहेत असं लहानपणी कधी डोक्यातसुद्धा आलं नाही. पुढे नोकरीनिमित्त हैदराबादला गेलो. भाजीवाला म्हणाला ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, आणि मी हातात कोथिंबीर घेऊन तसाच उभा. पुण्याच्या पेठेत मी दहा वर्षं तेलुगूत मोजत होतो!

आडवाटच्या मेंढपाळांचंही तेच, नाही का? शेजारच्या भाषेचे आकडे, एका ठरलेल्या कामापुरते.

तिरफळ

आमच्याकडे ‘रेंड’ म्हणायचे, लेंड नाही. म्हणजे आम्ही जास्त शुद्ध तेलुगू.

शब्दखोर

मुळामुठांचं उदाहरण नेमकं आहे. आणि त्यात अजून एक गंमत दडलीय. तेलुगूत चारनंतर ऐदु म्हणजे पाच, आणि आरु म्हणजे सहा. विटीदांडूत ‘आर’ कितव्या जागी आहे? पाचव्या! मधला ऐदु कुठेतरी गळला आणि कुणाला पत्ताही लागला नाही. लागायचं कारणही नाही. मुलांना आर म्हणजे सहा हे ठाऊक नव्हतं, नालनंतर आर येतो एवढंच ठाऊक होतं. आकडा अर्थ सोडून नुसत्या क्रमावर जगू लागला की असं होतं.

आता तुमची मेंढ्यांची यादी बघा. टेदरा-मेदरा. सेदरा-लेदरा. होवरा-डोवरा. जोड्या आहेत. वेल्शमध्ये सहा-सात म्हणजे च्वेख, साइथ, आणि आठ-नऊ म्हणजे उइथ, नाउ. त्यातून सेदरा-लेदरा, होवरा-डोवरा सरळ निघत नाहीत. इथे यमकाने आकड्याला गिळलंय. पाच, दहा, पंधरा हे खांब शाबूत राहिले, मधल्या भिंती पुन्हा पुन्हा बांधल्या गेल्या. कुठल्याही खोऱ्यातली यादी घ्या, पाच, दहा आणि पंधरा ओळखू येतात.

आता माझी शंका. एक, या याद्या कागदावर येतात त्या गेल्या अडीच-तीनशे वर्षांतल्या. मधली अनेक शतकं कोरी. दोन, अशीच यादी लिंकनशायरमध्येही मिळते. तो पूर्वेकडचा सपाट मुलूख, तिथे अँग्लो-सॅक्सन लोक फार लवकर वसले आणि नंतर डेनिश आले. तिथे केल्टिक बोली मेंढ्यांच्या आडोशाने लपून राहिली असं म्हणणं जरा जास्तच होतं. तीन, १९व्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात अशीच मोजणी सापडली, आणि ती तिथल्या मूळ रहिवाशांची मोजणी म्हणून नोंदवली गेली होती! म्हणजे ही यादी प्रवास करते. मेंढपाळ हिंडतात, गुरं हाकणारे वेल्समधून इंग्लंडच्या बाजारांत येत, विणकाम करणाऱ्या बायका लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यात जातात. हजार वर्षं एका जागी गाडून राहिलेला हंडा मला तरी दिसत नाही, हातोहात फिरलेलं नाणं दिसतं.

वेशीपल्याड

शब्दखोर, एक मुद्दा तुमच्या विरुद्ध. मेंढ्यांच्या यादीत अठरा म्हणजे टेदरा-बम्फिट, तीन-पंधरा. वेल्शमध्ये अठराला ‘डेनाउ’ म्हणतात, दोन नव्वे. यादी वेल्समधून उचलली असती तर दोन नव्वेच यायला हवे होते.

शब्दखोर

चांगला मुद्दा. पण वेल्शमध्ये अठरासाठी ‘तीन वर पंधरा’ हाही पर्याय आहेच. आणि सोळा, सतरा, एकोणीस सगळे पंधरावर चढवलेले असताना मधलाच एक वेगळा कोण ठेवेल? तालात म्हणणारा माणूस तो सरळ करून टाकणारच. ब्रेटनमध्ये तर अठरा म्हणजे ‘तीन सहा’! ज्याला त्याला अठराशीच खेळावंसं वाटलेलं दिसतं. तरी तुमचा मुद्दा खोडला असं मी म्हणत नाही.

रावसाहेब_निवृत्त

पिम्प म्हणजे पञ्च, डेग म्हणजे दश. आता तरी मान्य करा की सर्व काही संस्कृतातूनच गेले आहे. आपल्याच लोकांना आपल्या वारशाची लाज वाटते.

शब्दखोर

रावसाहेब, नातं खरं आहे, दिशा चुकली. पिम्प संस्कृतातून गेला नाही, दोघे एका घरातून निघाले. त्या मूळ शब्दात शेवटी ‘क्व’ असा ध्वनी होता. संस्कृतात त्याचा च झाला, पञ्च. वेल्शच्या शाखेत त्याचा प झाला, आणि आयरिशमध्ये पाच म्हणजे ‘कूग’, तिथे क उरला. यावरून एक गोष्ट नक्की सांगता येते: मेंढ्यांचा पिम्प आयर्लंडमधून किंवा स्कॉटलंडच्या गेलिकमधून आलेला नाही. प आहे म्हणजे वेल्श-कम्ब्रिकचंच घराणं. (लिंकनशायरवाले विसाला ‘फिगिट’ म्हणतात, आणि गेलिकमध्ये वीस म्हणजे ‘फिखेट’. तिथे माझीही दांडी गुल.)

आणि आडवाट, तुमच्या बम्फिटचं उत्तर यातच आहे. पम्थेग म्हणजे पाच आणि दहा चिकटवून झालेला शब्द. संस्कृतात तोच जोड पञ्चदश. पञ्चदशचं प्राकृतात पण्णरह झालं आणि आपल्या तोंडात पंधरा. तुम्ही ज्याला हसताय तो तुमच्याच पंधराचा चुलतभाऊ आहे. दोघेही इतके झिजलेत की त्यात पाच कुठे आणि दहा कुठे हे सांगितल्याशिवाय दिसत नाही. वेल्शमध्ये विसाला ‘इगाइन’ म्हणतात, त्याचं आणि आपल्या वीसचंही तेच नातं.

म्हणजे मुळामुठांनी पेठेत मोजलेलं वकट-लेंड हे शेजाऱ्याकडून आणलेलं, आणि बॉरोडेलच्या डोंगरातलं बम्फिट हे आपल्या भावकीतलं.

कोकणी_फणस

आमच्या भावकीत बम्फिट निघाला! आता सातबाऱ्यावर नाव लावा म्हणेल.

माळरान

उशिरा आलो. आमचं गाव माणदेशात, घरची मेंढरं होती आज्ज्याच्या टायमाला.

मोजणीचं म्हणाल तर आज्जा रोज मोजत बसायचा नाही. वाड्यात शिरताना बघायचा फक्त. कोण नाही ते त्याला कळायचं, किती नाहीत ते मागनं. ‘ती कानफाटी आली न्हाई’ म्हणायचा. विकताना मात्र आकडा लागायचा. आज्जी विसानंच मोजायची, ‘तीन विसा न् धा’. सत्तर म्हणलं तर तिला पटायचं नाही, पुन्हा विसा करून बघायची.

आणि धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, मग दोन, तीन. मी एकदा ‘एक’ म्हणलो तर पाठीत धपाटा.

तिरफळ

लाभ! आमच्या आजोळी खळ्यावर असंच होतं. कित्येक वर्षांनी ऐकला हा शब्द.

निव्वळ_वाचक

मग मेंढ्यांना वेगळे आकडे वापरायचं कारणही असंच असेल का? नेहमीचे आकडे लावले तर नजर लागेल म्हणून? किंवा आपल्या दलालांच्या नंदभाषेसारखं, अवारू, उधाणू, पोकू, मुळू, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून?

शब्दखोर

नंदभाषा लपवण्यासाठी होती, भावाची बोलणी समोरच्याला कळू नयेत म्हणून. डोंगरावर एकटा मेंढपाळ कुणापासून लपवणार? मेंढीपासून?

मला तालाचं कारण जास्त पटतं. फाटकातून मेंढ्या धावत सुटतात तेव्हा ‘सेदरा-लेदरा, होवरा-डोवरा’ हे जिभेवर आपोआप घसरतं, डोळे मेंढ्यांवर राहतात. टाके मोजणारीचंही तेच, बोटं सुईवर. डोकं रिकामं ठेवून तोंडाने मोजायची ही सोय आहे.

कोकणी_फणस

मग ते ‘हिकरी डिकरी डॉक’ पण यातलंच का? होवरा डोवरा डिक! नातू दिवसभर तेच लावून बसतो.

शब्दखोर

असा तर्क करणारे आहेत. वेस्टमोरलँडकडे आठ-नऊ-दहा ‘हेवरा, डेवरा, डिक’ असे होते. ते गाणं १७४४ च्या सुमारास छापून आलं तेव्हा त्यात ‘हिकरे डिकरे’ होतं. कानाला जुळतं, पण कानाला जुळतं एवढ्यावर मी सही करणार नाही.

आडवाट

बापरे, दोन दिवस आले नाही तर किती लिहिलंत! वेशीपल्याड आणि शब्दखोर, तुमच्या बम्थेग आणि पंधराने माझा आठवडा गेला. चिरंजीवांना ‘पंधरा आणि बम्फिट भाऊभाऊ’ सांगितलं. म्हणाला, मग पिम्प कोण? म्हटलं, तो पाचाचा भाऊ. आता घरात पाच वाजले असं कुणी म्हणत नाही.

माळरान, तुमच्या आज्ज्याची गोष्ट मी आमच्या शेजाऱ्यांना सांगितली. सत्तरीचे आहेत, हर्डविक मेंढ्या पाळतात. करड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या, पावसात दगडासारख्या उभ्या राहणाऱ्या. या मेंढ्यांना डोंगरावर कुंपण नसतं. आईबरोबर कोकरू आपला पट्टा शिकतं आणि जन्मभर तिथेच चरतं. ते म्हणाले, तुमचा आज्जा बरोबर होता. कमी असलेली मेंढी आधी दिसते. आकडा कागदासाठी.

मग मी विचारलं, तुम्ही यान-ट्यान म्हणता का? हसले. म्हणे, मी ‘दोन, चार, सहा, आठ’ अशाच जोड्या मोजतो, माझे वडीलही तसंच मोजायचे. हे बम्फिट वगैरे शाळेत बाईंनी शिकवलं आणि आता पर्यटक विचारतात म्हणून पाठ ठेवलंय.

मी जरा हिरमुसले, खरं सांगते. पण बोलता बोलता ते कुत्र्याकडे बघून म्हणाले, ‘दॅट यान’. म्हणजे ‘तो एक’. त्यांना ते म्हटल्याचं कळलंही नाही.

शब्दखोर

आडवाट, तुम्ही शेवटी खरा मासा पकडलात. यादीतला सगळ्यात प्रसिद्ध शब्द यान, आणि तोच केल्टिक नाही!

यान हा चोख इंग्रजी आहे. जुन्या इंग्रजीत एक म्हणजे ‘आन’. दक्षिणेत त्याच्या तोंडाला व चिकटला आणि ‘वन’ झालं. स्पेलिंगमध्ये व नाही, उच्चारात आहे, हे शाळेत आपल्याला खटकायचं ना? उत्तरेत य चिकटला आणि ‘यान’ झालं. ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ या शब्दांत तोच जुना ‘आन’ व न चिकटता राहिलाय. म्हणजे मेंढपाळाने यादी परक्याची घेतली पण सुरुवात आपल्या घरच्या एकाने केली. आणि यादी संपली तरी यान जिवंत, कारण त्याला मेंढ्यांची गरजच नव्हती.

हे सगळे शब्द ज्याने सहा खंडांत जमवले, १८९८ ते १९०५ या काळात छापले, तो जोसेफ राइट यॉर्कशायरचाच. सहाव्या वर्षी दगडखाणीत गाढवं हाकायला लागला, मग सूतगिरणीत. पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हतं. पुढे ऑक्सफर्डला तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. घरच्या ‘यान’ला अशुद्ध म्हणणाऱ्यांच्या उरावर बसून त्याने बोलींचा कोश केला. या माणसाबद्दल मला फार आदर आहे, म्हणून हे अवांतर.

माळरान

आमच्याकडं पण ‘येक’च म्हणत्यात. शाळेत गुरुजी म्हणायचे येक न्हाई, एक म्हण. म्हणजे य चिकटवायचा रोग तिकडं पण हाय.

शब्दखोर

रोग नाही हो, सोय. पण हो, तेच.

वेशीपल्याड

विसा वाचून आठवलं. इथली जुनी माणसं पन्नास पेन्सच्या नाण्याला ‘च्वेगाइन’ म्हणतात, म्हणजे सहा विसा. पूर्वी दहा शिलिंगात एकशेवीस पेनी असत, त्याचं हे नाव. पेनी बदलली, शिलिंग गेलं, सहा विसा तसेच. माळरान, तुमच्या आज्जीला इथल्या बाजारात काहीही अडलं नसतं.

मुळामुठा

सगळं झालं, पण एक राहिलं. वकट, लेंड, मूंड, नाल, आर समजले. वेद म्हणजे तेलुगू एडु, सात, असं धरून चालू. मग झकू कोण? तेलुगूत आठ म्हणजे एनिमिदि. त्यात झकू कुठेच बसत नाही.

तिरफळ

झकूला डोळ्यावर विटी ठेवायचो आम्ही. त्याचा काही संबंध?

कोकणी_फणस

आमच्याकडे झकू झाला की दुसऱ्यावर राज्य. वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद राखून ठेवतो.